बिनसुरकुतीची साय

भारनियमनाचे ते दिवस. लाइट गेली की अख्खी भिवंडी कपाळाला हात लावायची आणि आमच्या कॉलेजातले भौतिकशास्त्राचे सर टाळी वाजवायचे. फळ्यावर निम्मं समीकरण लिहून झालेलं असायचं, वरचा पंखा गचके खात थांबायचा, आणि सर खडू ठेवून म्हणायचे, "चला, उरलेलं घरी सोडवा." पोरांना तेवढंच हवं असायचं. पोरं फाटकाकडे सुटायची आणि सर जिन्याखालच्या खोलीकडे. सत्तावन्न वर्षांचा, दम लागणारा माणूस, पण त्या वेळी त्यांच्या चपलांची फटफट दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू यायची.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांच्या घरी चालेल की नाही ठाऊक नाही, आणि जाऊन विचारायला मला तोंड उरलेलं नाही.

लाइट गेल्याचा आनंद कशाला, तर लाइट गेली की लूम थांबायचे. कॉलेजच्या मागच्या भिंतीला लागूनच पॉवरलूमच्या शेड होत्या. दिवसभर खटखट, आणि त्या खटखटीने जमीन बारीक थरथरत असायची. आम्हाला ती कळायचीसुद्धा नाही, कारण ती आमच्या अंगात मुरलेली. सरांना कळायची. त्यांच्या टेबलावर पाण्याने भरलेली एक स्टीलची वाटी कायम ठेवलेली असे. खिडकीचे गज त्या पाण्यात वाकडे-तिकडे दिसले की सर हात बांधून बसत. गज सरळ दिसले की कामाला लागत. लाइट नसली तरी त्यांचं अडत नसे. पाणी तापवायला त्यांच्याकडे वातीचा रॉकेलचा स्टोव्ह होता.

काम काय, ते मला कळायला तीन महिने लागले. मी तेव्हा रसायनशास्त्र विभागात तासिका तत्त्वावर शिकवत होते. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढेच तुमचे, आणि दर जूनमध्ये नव्याने अर्ज करायचा. अंजूरहून सहा आसनी रिक्षात दाटीवाटीने बसून यायची आणि कोणाच्या अध्यात ना मध्यात, तास घेऊन परत जायची. एक दिवस सर दारात उभे राहिले. सदरा गाडग्यातून काढल्यासारखा, वरचं बटण खालच्या काजात.

"तुझ्याकडं ॲसिडच्या कपाटाची चावी हाय ना, बाय?"

वर्गात सर छापील मराठी बोलायचे. वर्गाबाहेर पडले की गणेशपुरीकडची त्यांची गावची बोली वर यायची, आणि जीव लावला की समोरची मुलगी 'बाय' व्हायची. मी पहिल्याच दिवशी बाय झाले. चावी दिली आणि अडकले.

"पेन्सिलीचं शिसं म्हणजे काय?" त्यांनी मला विचारलं होतं. मी कार्बन, ग्राफाइट वगैरे सांगितलं. "ते पुस्तकात. खरं म्हणजे तो वह्यांचा गठ्ठा हाय. पानावर पान, पानावर पान. त्यातलं एकच पान सुटं काढायचं. त्याला म्हणायचं ग्राफीन. एका अणूएवढं जाड, आणि त्यातून वीज धावते." विलायतेत कुणीतरी साध्या चिकटपट्टीने असं पान सोडवलं होतं, हे सरांनी कुठल्याशा मासिकात वाचलं, आणि तेव्हापासून त्यांची झोप उडाली होती. चिकटपट्टीने निघतो तो नखाएवढाही नसलेला कपटा. सरांना तळहाताएवढा सलग पापुद्रा हवा होता, पातळ प्लास्टिकवर बसवलेला. प्लास्टिक वाकवा, गुंडाळा, वीज चालूच राहिली पाहिजे. "उद्या फोन रुमालासारखा घडी घालून खिशात ठेवतील लोक," ते म्हणायचे. तेव्हा आमच्यातल्या निम्म्या लोकांकडे फोनच नव्हता.

त्यांची पद्धत ऐकून मी आधी हसले, मग वहीत उतरवून घेतली. ग्राफाइटची भुकटी बर्फात ठेवून गंधकाम्लात आणि परमँगनेटमध्ये मुरवायची, म्हणजे पानं फुगून एकमेकांपासून सुटतात. मग आठ-दहा दिवस नुसतं धुवायचं. धुता धुता ते तपकिरी, बुळबुळीत होतं. ते पाण्यात मिसळून पसरट काचेच्या थाळीत मंद तापवायचं. शेवटी पाण्यावर साय धरते. हो, दुधावर धरते तशीच. ती प्लास्टिकच्या पारदर्शक शीटवर अलगद उचलायची, वाळवायची, आणि एका उग्र औषधाची वाफ द्यायची. तपकिरी साय करडी, चकचकीत होते आणि वीज वाहायला लागते. वाफ द्यायचं काम आम्ही अंगणात, तोंडाला ओला पंचा बांधून करायचो. तरी सरांचा खोकला वाढतच गेला.

साय धरणं सोपं होतं. ती बिनसुरकुतीची धरणं महाकठीण. जरा पाणी हललं की सुरकुती, जरा घाईने उचललं की सुरकुती. आणि शीट वाकवली की नेमकी तिथेच साय चिरायची, वीज बंद. "सुरकुती म्हणजे उद्याची भेग," हे त्यांचं वाक्य पोरांना एवढं पाठ झालं होतं की गॅदरिंगमध्ये त्यावर नक्कल झाली. सर पहिल्या रांगेत बसून मनापासून हसले.

त्यांना सगळीकडे सुरकुत्याच दिसायच्या. एसटीचं तिकीट नखाने दाबून सपाट करायचे. दुसऱ्याच्या टेबलावरचं वर्तमानपत्र न विचारता हाताने इस्त्री केल्यासारखं सारखं करून द्यायचे. पेपर तपासताना आधी उत्तरपत्रिकेचे दुमडलेले कान सरळ करायचे, मग मार्क द्यायचे, म्हणून त्यांचे गठ्ठे सगळ्यांत उशिरा जायचे. चहा आला की त्यावरच्या सायीकडे बघत बसायचे, चहा पार निवायचा. कॉलेजात लागण्याआधी ते एका सायझिंगमध्ये कामाला होते. तिथे लुमावर जाणाऱ्या सुताला कांजी लावतात. "सुतावर कांजी सारखी बसली न्हाय तर धागा तुटतो. पहिला धडा मला तिथं मिळाला," असं ते अभिमानाने सांगायचे. आमच्या विज्ञान शाखेच्या प्रमुखांना हे आवडायचं नाही. कॉलेजच्या प्राध्यापकाने कांजीचं नाव काढावं, हे त्यांना कमीपणाचं वाटे.

आणि स्वतःचे कपडे? कधी इस्त्री नाही. मी एकदा म्हटलं, तर म्हणाले, "मी कुठं वीज वाहून नेतोय?"

अशा पातळ पापुद्र्याला इंग्रजीत 'फिल्म' म्हणतात; त्या शब्दाने तर कहर केला होता. सर फिल्म बनवतात, एवढंच गावात पसरलं. आमचा शिपाई मला बाजूला घेऊन विचारायचा, "मॅडम, हिरोईन कोन हाय?" मागच्या शेडमधला लूमचा मुकादम उत्तरेकडचा, वयस्क माणूस. तो एकदा भिंतीवरून वाकून म्हणाला, "मास्टरजी, हमारे भतीजे को भी कोई रोल दे दो." सरांनी त्याला आत बोलावलं, थाळी दाखवली, साय दाखवली, अर्धा तास समजावलं. मुकादमाने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "अच्छा, मलाई है." तेव्हापासून शेडमध्ये त्याला 'मास्टरजी की मलाई' असंच नाव पडलं. सरांनी त्याच्याकडे फक्त एक तास लूम बंद ठेवण्याची विनंती केली होती. तो म्हणाला, "हम लूम रोकेंगे तो सेठ हमको रोक देगा." ते खरंच होतं.

पुढे भारनियमन कमी झालं. गावाने पेढे वाटायचे बाकी ठेवले, सर मात्र उदास झाले. मग उरला शुक्रवार. शुक्रवारी लूमची सुट्टी. सर शुक्रवारचे सगळे तास दुसऱ्यांच्या गळ्यात मारायचे, त्यावरून प्रमुखांशी खटके उडायचे. जिन्याखालची खोली कॉम्प्युटरच्या सामानासाठी हवी होती. सरांना निवृत्त व्हायला एक वर्ष उरलं होतं. सर गेले की खोली गेली, आणि थाळी, स्टोव्ह, वाटी भंगारात, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

म्हणून मुंबईतल्या एका संस्थेचं पत्र आलं तेव्हा मला रडू आलं. मोठी संशोधन संस्था. तिथल्या एका शास्त्रज्ञांना सर दोन वर्षं पत्रं पाठवत होते. सुवाच्य अक्षर, न दुमडलेला कागद, मोठं पाकीट. अखेर त्यांनी लिहिलं की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या मोठ्या सूक्ष्मदर्शक यंत्रावर दोन तास मोकळे आहेत, नमुना घेऊन या. त्या यंत्राखाली साय सलग निघाली आणि वाकवूनही वीज वाहिली, तर सरांचं काम कागदावर येणार होतं. त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी जाणकार माणूस म्हणणार होता की हे खरं आहे. सरांना एवढंच हवं होतं, याहून काडीमात्र जास्त नाही.

आणि साय धरेना. सलग पाच शुक्रवार वाया गेले. सहाव्या खेपेला आडवारीच, दुपारी लाइट गेली. सरांनी स्टोव्ह पेटवला. गज पाण्यात सरळ दिसत होते. साय धरत आली, मी शीट हातात घेऊन उभी, आणि लाइट आली. आता लूम सुरू होणार. सरांनी डोळे मिटून घेतले. पण लूम सुरू झाले नाहीत. भिंतीपलीकडून मुकादमाचा आवाज आला, "अरे रुको ज़रा! मास्टरजी की मलाई जम रही है." किती वेळ त्याने लूम थांबवून धरले, ठाऊक नाही. सरांनी शीट तिरकी पाण्यात घातली आणि श्वास रोखून वर घेतली. ती पुरती उचलून काचेवर ठेवली, तेव्हाच पलीकडे खटखट सुरू झाली.

त्या सायीवर सुरकुती नव्हती. एकही नव्हती. आम्ही भिंग फिरवून फिरवून पाहिलं. दोन दिवसांनी वाफ दिल्यावर सरांनी तिच्या दोन्ही टोकांना तारा लावल्या, मल्टिमीटरचा काटा सरकला. मग ती बोटाभोवती गुंडाळली, तरी काटा होता तिथेच राहिला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, त्या हाताला रॉकेलचा वास होता.

आता मला माझं सांगायचं आहे.

खंडेनवमीला कॉलेजात प्रयोगशाळांची पूजा होते. शिपाई ताट घेऊन फिरतो. तराजू, बर्नर, पंप, सगळ्यांना हळद-कुंकू, झेंडूचं फूल. सरांच्या खोलीच्या दारातून मात्र ताट दरवर्षी परत जायचं. सर नास्तिक नव्हते, श्रावणात वज्रेश्वरीला चालत जायचे. पण खोलीत पूजा नाही. "देवाचं सगळं ओलं, माझं सगळं कोरडं. दोघांची गाठ नको," असं म्हणायचे.

त्या खंडेनवमीला सरांनी ती शीट काचेच्या तुकड्यावर बसवून भाकरीच्या चपट्या डब्यात ठेवली होती. दसऱ्याला कॉलेज बंद, म्हणून डबा घरी न्यायचा आणि परवा पहाटे घरूनच मुंबईला निघायचं. धूळ बसेल म्हणून तिथे पोचेपर्यंत उघडायचा नाही, हे ठरलेलं. रजेच्या अर्जावर सही आणायला सर वर गेले. मला म्हणाले, "बाय, डब्याकडं ध्यान ठेव."

मी ध्यान ठेवलं. बाहेर आरती चालली होती, घंटा वाजत होती. आमच्या अंजूरच्या घरी खंडेनवमीला वडिलांच्या रिक्षापासून विळ्या-कोयत्यापर्यंत सगळ्याला कुंकू लागतं. आई म्हणते, कुंकवाचं बोट लावल्याबिगर कामाची वस्तू घराभाईर काढू नये. सर परवा एवढ्या मोठ्या ठिकाणी निघालेत, सगळे त्यांना हसतात, प्रमुख तर वाटच बघतायत त्यांच्या फजितीची, आणि ही शीट तशीच, बोडक्या कपाळाने जाणार? मला ते बघवेना. शिकलेली बाई मी, एम.एस्सी. झालेली. मी दारापर्यंत आलेल्या ताटातलं कुंकू बोटावर घेतलं, डबा उघडला, आणि अगदी कोपऱ्यात, जिथे नुसतं प्लास्टिक होतं, सायीपासून बोटभर लांब, लावलं. कोरडं कुंकू प्लास्टिकवर बसेना. म्हणून मी बोट ओलं केलं.

झाकण लावलं, हात जोडले, आणि मला फार बरं वाटलं.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी सर आले. खोलीत बसले होते, स्टोव्ह थंड. डबा टेबलावर उघडा. "ये, बाय, बघ," म्हणाले. कुंकवाचं पाणी प्लास्टिक आणि साय यांच्या मधल्या फटीतून आत ओढलं गेलं होतं. कोपऱ्यापासून मध्यापर्यंत साय प्लास्टिकवरून उठली होती आणि तिला सुरकुत्याच सुरकुत्या पडल्या होत्या, गुलाबी कडांच्या. यंत्राखाली त्या डोंगराएवढ्या दिसल्या म्हणे. वीज मधेच तुटत होती.

"ते साहेब चांगले हायत," सर म्हणाले. "रागावले न्हाय. कोपऱ्याकडं बघून बोलले, हे कुंकू आहे का? आणि हसले. बाजूला दोन पोरं उभी व्हती, ती पण हसली. बोलले, पुन्हा कधीतरी या."

माझ्या तोंडात शब्द आला होता. खरंच आला होता. पण सरच पुढे म्हणाले, "घरी गेल्या गेल्या बायकोला विचारलं. ती बोलली, मीच लावलं. दसऱ्याला सगळ्याला लावते, तसं डबा उघडून आतही लावलं. तीस वर्षं सांगतोय तिला, माझ्या वस्तूला हात लावू नको."

मी त्या कोपऱ्याकडे बघत होते. तिथे एकच बोट होतं. माझं. मग सरांची बायको 'मी लावलं' का म्हणाली, हे मला कळेना. आणि खरं सांगायचं तर मी कळून घेतलंही नाही. जून येणार होता, अर्जावर प्रमुखांची सही लागणार होती, आणि 'हिनेच ते कुंकू लावलं' ही गोष्ट कॉलेजभर झाली असती. ही झाली कारणं. खरं कारण एकच, मी भ्याले. कोणीतरी दुसऱ्याने आपलं पाप आपणहून उचललंय, तर उचलू दे, असं मला वाटलं. त्या वेळी ते इतक्या सहज वाटलं की मला आजही माझी किळस येते.

सरांनी पुन्हा साय धरली नाही. शुक्रवारी खोलीत येऊन बसायचे, वाटीतल्या पाण्याकडे बघायचे. गज सरळ दिसायचे, तरी स्टोव्ह पेटत नसे. मी म्हणायची, "सर, एकदा करू या की. त्यांना पत्र लिहू." ते मान हलवायचे. "तेवढी उमेद न्हाय आता. आणि मुकादम बिचारा किती वेळा लूम थांबवेल?" पण माझ्याशी बोलायचे, भरभरून बोलायचे. पानांचे गठ्ठे, कांजी, साय, सगळं पुन्हा पहिल्यापासून. माझ्याखेरीज ते ऐकायला त्या इमारतीत कोणी नव्हतं.

घरी त्यांनी अबोला धरला होता. हे त्यांनीच सांगितलं, माघात केव्हातरी. "जेवण वाढते, मी जेवतो. कपडे ठेवते, मी घालतो. पण बोलत न्हाय. चार महिने झाले, बाय. आता सोडायचा म्हटला तर पहिला शब्द काय बोलायचा, तेच सुचत न्हाय मला."

तो पहिला शब्द माझ्याकडे होता. मी म्हटलं, "सर, चहा आणू का?"

ते मे महिन्यात निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, प्रमुखांचं भाषण. भाषणात फिल्म आणि हिरोईनचा विनोद झाला, लोक हसले, सरही हसले. जूनमध्ये खोलीत कॉम्प्युटरची खोकी आली आणि माझ्या अर्जावर सही झाली. पुढे सर पंधरा-वीस दिवसांतून एकदा भिवंडीला यायचे, लायब्ररीत मासिकं चाळायचे, माझा तास संपेपर्यंत थांबायचे. आम्ही कॉलेजबाहेरच्या हॉटेलात चहा प्यायचो. "घरी कसं आहे?" मी विचारायची. "हाय तसंच," म्हणायचे. दिवाळीनंतर खोकला बळावला. मग आलेच नाहीत. गेल्याचं मला शिपायाने सांगितलं, बारावा होऊन गेल्यावर.

मी गेले. गणेशपुरीच्या अलीकडे फाट्यावर एसटीतून उतरायचं आणि भाताच्या शेतांच्या बाजूने चालत जायचं. कापण्या झाल्या होत्या. घरापुढे सारवलेलं खळं, त्याच्या कडेला सरांची बायको सूप घेऊन बसली होती. मी तिला त्याआधी एकदाच, निरोप समारंभात पाहिलं होतं. सरांइतकीच उंच, हाडापेराने मोठी, कमी बोलणारी बाई. तिने मला लगेच ओळखलं.

"तू अंजूरची ना? बाय?"

मी हो म्हटलं. तिने पाणी आणून दिलं. आजारपणाचं सांगितलं, शेवटच्या दिवसाचं सांगितलं. मला गप्प बसवेना. मी सव्वा वर्ष जे गिळलं होतं ते त्या खळ्यात ओकले. कुंकू मी लावलं, बोट मी ओलं केलं, सगळं. ती सुपातलं भात पाखडत राहिली.

"मना ठावं हाय," ती म्हणाली.

"कसं?"

"मी डबा उघडलापन न्हवता. त्यांनी इचारलं तवा कळलं, की आत कुंकू हाय. आता मी न्हाय, तर कोन? तुमचा प्यून त्यांच्या खोलीत पाय ठेवायला भियाचा. बाकीचे त्यांच्यावर हसनारे. कुंकू लावनारं मानूस बरं चिंतून लावतं. तिथं त्यांचं बरं चिंतनारं कोन व्हतं, सांग. घरी आले की एकच, बाय अशी बोलली, बाय तशी बोलली."

"मग तुम्ही का नाव घेतलंत स्वतःचं?"

तिने सूप खाली ठेवलं. "मी न्हाय बोलले असते तर त्यांनी कालेजात शोधून काढलं असतं. तुझ्याशी बोलनं टाकलं असतं. मग त्या सायीचं कोनाशी बोलले असते? माझ्याशी? मना त्यातलं काय कळतं? घरात अबोला चालतो. मानूस जेवतं, झोपतं, चालतं तसंच."

"शेवटी बोलले ना तुमच्याशी?"

"न्हाय."

मी रडायला लागले. "काकी, चुकलं माझं. मी सांगायला हवं होतं सरांना."

'असू दे, झालं ते झालं,' असं ती म्हणेल, असं मला वाटलं होतं. आपल्याकडे दारी आलेल्याला तसं म्हणतात. ती म्हणाली नाही.

"व्हय, सांगायला पाहिजे व्हतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "शोधून काढलेलं मानूस येगळं, आपनहून आलेलं येगळं. तू आपनहून सांगितलं असतंस तर त्यांनी तुला काय केलं नसतं. आन घरी येऊन माझ्याशी बोलले असते. मी वाट बघितली, बाय. ते भिवंडीवरून आले की दर खेपेला मी त्यांच्या तोंडाकडं बघायची, आज तरी तिनं सांगितलं असंल म्हनून."

फाट्यावर एसटी यायला अजून तासभर अवकाश होता. तिने मला 'थांब' म्हटलं नाही, आणि मी उठले.